सहा फूट ऊन

दीपमालाच्या लग्नाच्या पंधराशे पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि त्या सगळ्यांवर निमंत्रक म्हणून पहिलं नाव होतं निवृत्त सुभेदार दादासो ज्ञानू सूर्यवंशी यांचं.

अडचण एकच होती. दादासोंना लग्नाचं आवतण नव्हतं.

पत्रिका होती. पत्रिकेचं काय, इस्लामपूरच्या छापखान्यात बसून तिच्यातल्या चुका त्यांनीच काढल्या होत्या. जीप घेऊन पार कडेगावपर्यंत दोनशे पत्रिका स्वतः वाटल्या होत्या आणि दर घरात "तुमी आल्याबिगर अक्षदा पडायच्या न्हाईत" असं बजावलं होतं. आचारी त्यांनी ठरवला, पाण्याचा टँकर त्यांनी आणला. पाव्हण्यांच्या गाड्या लावायला जागा हवी म्हणून ऊसतोड टोळीच्या मागं लागून स्वतःचा खोडवा पंधरा दिवस आधी तोडून घेतला. पण सूर्यवंश्यांच्या भावकीत पत्रिका ही परक्याला द्यायची. भावानं भावाच्या उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या आणि तोंडानं म्हणायचं, "चला, कार्य तुमचंच हाय." एवढं म्हटल्याशिवाय भाऊ मांडवात पाय ठेवत नाही.

धाकटे नानासो, म्हणजे नवरीचे वडील, रविवारी सकाळी रस्ता ओलांडून आले होते. अक्षता उंबऱ्यावर ठेवल्या. दादासो दाराआड उभेच होते, पहिल्यांदा थोडं आढेवेढे घ्यायच्या तयारीत. नानासो जरा वेळ थांबले. त्यांना दाराची कडी सैल झालेली दिसली. खिशातून पाना काढून त्यांनी ती घट्ट आवळली, दोनदा हलवून बघितली आणि गेले.

"कडीला आवतण दिलं त्यानं," दादासो तेव्हापासून बायकोला सांगत होते. "मला न्हाई."

आज गुरुवार. मुहूर्त बारा पस्तीसचा. सकाळी साडेआठला मनुबाई शालू नेसून बाहेर आल्या तर नवरा कोट चढवून, फेटा बांधून, गळ्यात शिट्टी अडकवून खुर्चीत बसलेला.

"आवं, एवढं नटलाय, मग चला की."

"तयार राहावं लागतं. ऑर्डर कवा यील सांगता येत न्हाई."

"आन न्हाई आली तर?"

"तर असाच बसून राहीन. नऊ वर्षं बसलोय."

मनुबाईंनी पदर खोचला. "संयोगिता असती तर तुमच्या दोगांच्याबी टाळक्यात तांब्या घातला असता तिनं. ती न्हाई म्हणून तर कन्यादानाला आपुन बसायचं हाय. पोरीला आई न्हाई, बाप एकटा, एकट्याला बसता येत न्हाई. पोरीनं काय करायचं?"

"त्याला म्हणावं, चार शब्द हायत. मी चौदा हजार फुटांवर रेडिओवर बोललोय, बर्फात. ह्याला रस्त्यापल्याड बोलता येत न्हाई?"

"मी चालले," मनुबाई म्हणाल्या. "मला आवतण लागत न्हाई. शिऱ्याची चव बघायची हाय." नवऱ्याला बाहेर काढून त्यांनी दार ओढलं आणि नव्यानं आवळलेली कडी दोन्ही हातांनी रेटून लावली. बोट चेमटलं, तसा दिराचा उद्धार केला आणि त्याच्याच मांडवात गेल्या.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. वडिलांच्या, ज्ञानूआण्णांच्या, वर्षश्राद्धाला दादासो माइकवर पन्नास मिनिटं बोलले. पितृऋण, त्याग, काळी आई, सगळं आलं. तेवढ्या वेळात नानासोंनी चारशे माणसं वाढून उठवली. भाषण संपलं, टाळ्या पडल्या, आणि नानासो हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवून म्हणाले, "बोलून झालं असंल तर पत्रावळ्या उचला."

चारशे माणसं हसली. दादासोंनी कोटाच्या बाह्या सारल्या आणि एकूण एक पत्रावळ उचलली. त्या दिवसापासून त्यांनी भावाशी बोलणं बंद केलं. नुसतं करून दाखवायचं ठरवलं.

नानासोंना पहिले सात महिने आपल्याशी अबोला धरलाय हे कळलंच नाही. ते एरवीही बोलत नव्हते. शेवटी संयोगितानं, त्यांच्या बायकोनं, सांगितलं.

*

"नाना, खाली उतरा," दीपमाला म्हणाली.

ती हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती आणि तिचा बाप स्टुलावर उभा राहून तिच्या डोक्यावरचा पंखा उघडत होता.

"आवाज करतोय," नानासो म्हणाले.

"गेली सहा वर्षं करतोय. उतरा आधी. आबा बाहेर कमानीपाशी उभं हायत. सगळ्यांना 'या, बसा' म्हणायला लागलेत आन स्वतः आत येत न्हाईत. फलटणचं वऱ्हाड आल्यावर ते काय समजतील?"

नानासो खाली उतरले. "त्याचं नाव पैलं छापलंय."

"छापलंय. म्हटलं न्हाई."

"अक्षदा ठेवल्या."

"आन कडी आवळून आलासा." तिनं हळद लागलेला हात कपाळाला लावला. "चला, कार्य तुमचंच हाय. चार शब्द. माझ्यासंगं म्हणा."

नानासोंनी तोंड उघडलं. मग त्यांनी पंख्याचा स्क्रू खिशात टाकला.

त्यांना म्हणायचं नव्हतं असं नाही. गेले चार दिवस मोटार सुरू करताना, उसाला पाणी फिरवताना ते एकटेच म्हणून बघत होते. उसापुढं जमत होतं. रविवारी दारातही जमलं असतं, पण आतून दादाच्या श्वासाचा आवाज आला आणि सगळं आत गेलं. हातात पाना होता म्हणून अब्रू वाचली.

"आईला तरी कवा काय म्हटलासा का?" दीपमालाचा आवाज खाली आला.

"गिझर बसवला तिला."

"व्हय. ती म्हणायची, ह्या माणसापरीस गिझर बरा. तापला की निदान लाल दिवा तरी लावतो."

नानासो थोडे हसल्यासारखे झाले. दीपमाला हसली नाही.

"नाना, दवाखान्याची दोन वर्षं आठवत्यात? दर मंगळवारी मिरजेला. आबा जीप चालवायचं, तुमी मागं, आई मधी. तुमी म्हणायचासा, 'त्याला सांग डावीकडनं घे.' आई आबांना सांगायची. आबा म्हणायचं, 'त्याला सांग, डावीकडं खड्डा हाय.' दुखतंय कुणाला आन निरोप कोण पोचवतंय! भटजी म्हणाले, कुठलंबी जोडपं बसवू. मला दुसरं जोडपं नको. आबा आन मोठी आई बसली तरच मी बोहल्यावर उभी राहीन. न्हाईतर वऱ्हाडानं जेवावं आन जावं फलटणला. त्यांच्याकडंबी कारखाना हाय, ऊस हाय, दुसरी पोरगी मिळंल."

नानासोंनी फेटेवाल्यानं बांधून दिलेला फेटा नीट केला आणि बाहेर गेले. त्यांच्या चालण्यात काहीतरी ठरलेलं होतं. दीपमालाला वाटलं, निघाला शब्द. तिनं खिडकी उघडली.

*

दादासो कमानीच्या बाहेर, बरोबर दोन पावलं, उभे होते.

"या, या! पाव्हणं, चहा घ्या उजवीकडं. गाडी तिकडं खोडव्यात, रिव्हर्स मारून." पीऽऽप. "या काकी, सावकाश."

"आन तुमी का हितं उन्हात, सुभेदार?" एका काकींनी विचारलं.

"मला आवतण न्हाई."

"आवं, आमाला तर तुमीच दिलं!"

"ते निमंत्रक म्हणून दिलं. त्यात माझं येणं धरलं न्हाई."

तेवढ्यात नानासो आले. मागं दादासोंचा मुलगा जयराज, हातात गादीची खुर्ची घेऊन. नवरानवरीसाठी आणलेल्या दोन सिंहासनांपैकी एक. ती त्यांनी दादासोंच्या मागं ठेवली. नानासोंनी हातानं गादी झटकली, भावाकडं बघितलं, तोंड उघडलं.

सगळे चहाचे कप थांबले.

नानासोंनी तोंड मिटलं आणि पंखा आणायला गेले.

पंखा आला. सरबत आलं. जिलबीची ताटली आली. दादासोंनी खुर्ची घेतली, पंखा घेतला, सरबत प्यायले. "त्याला सांग, थँक्यू," ते मुलाला म्हणाले, "आन शब्दाचं काय ते बघ म्हणावं."

"पपा, आता बास की. एवढं केलं त्यांनी."

"करायला मीबी केलं. नऊ वर्षं केलं. करून काय होतंय ते मला इचार. त्यानंच म्हटलं होतं न्हवं का, तू नुसता बोलतोस? घे, करून दाखवलं. आता त्यानं बोलून दाखवावं. फिट्टमफाट."

जयराजला हे पटलं. निरोप पोचवणं हे काम संयोगिताकाकीनंतर त्याच्याच वाट्याला आलं होतं आणि वडिलांची बाजू न्यायाची आहे असंच त्याचं अजून मत होतं. तो काकांकडं गेला, सगळं सांगितलं. नानासोंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मांडववाल्याला हाक मारली.

मांडववाला अर्जुना बावीस वर्षं ह्या धंद्यात होता. त्यानं पडलेला मांडव बघितला होता, जळालेला बघितला होता, वळवात उडून दुसऱ्या गावाच्या लग्नावर जाऊन पडलेला बघितला होता. चालणारा मांडव त्यानं बघितला नव्हता.

"कमान फुडं घ्यायची?" तो म्हणाला. "किती?"

"धा फूट," नानासो म्हणाले.

चार पोरांनी पाईप उपसले, कमान उचलली आणि दहा फूट पुढं रोवली. वरून कापड ओढलं. दादासो खुर्चीत होते तिथंच होते, पण आता ते मांडवाच्या आत होते. 'शुभविवाह' त्यांच्या डोक्याच्या बरंच पुढं गेलं होतं.

"आला आत!" कुणीतरी ओरडलं. बँडवाल्यानं एक ठोका दिला.

दादासो उठले. खुर्ची उचलली. दहा फूट चालून कमानीच्या बाहेर ठेवली आणि बसले.

नानासोंनी अर्जुनाकडं बघितलं.

"नाना, आता रस्ता लागतोय."

"घे रस्त्यावर."

साडेदहाला मांडव रस्त्यावर आला. अकराला उसाचे दोन ट्रॅक्टर, प्रत्येकामागं दोन-दोन ट्रॉल्या, कारखान्याला निघालेले, कमानीपुढं येऊन थांबले. ड्रायव्हर उतरून भांडायच्या बेतात होता. दादासोंनी शिट्टी मारली. "भांडू नका. लग्न हाय. जेवून घ्या."

"तुमचं हाय व्हय लग्न?"

"माझं कुठलं? मी भाईर हाय."

ड्रायव्हर जेवायला बसले. त्यांच्या मागं शाळेची जीप आली, तीही जेवायला बसली. सव्वाअकराला फलटणचं वऱ्हाड आलं. नवरदेव वीरधवल घोड्यावरून उतरायच्या आधीच मांडव त्याच्या स्वागताला आणखी दहा फूट पुढं आला. त्याच्या मामांना हे फार आवडलं. "मान ठेवायला मांडव फुडं आणणारी माणसं मी पैल्यांदा बघतोय," ते म्हणाले.

कापड कमी पडायला लागलं. अर्जुनानं जेवणाच्या बाजूचं छत काढून इकडं लावलं. पंगत ताटं उचलून सावलीबरोबर सरकली. मग स्वयंपाकाच्या बाजूचं काढलं. मनुबाई हातात झारा घेऊन तरातरा आल्या.

"भावोजी! शिरा उन्हात आलाय माझा!"

नानासोंनी रस्त्यापल्याड बोट दाखवलं. मनुबाईंनी बघितलं. नवरा सिंहासन दोन्ही हातांत उचलून आपल्याच घराच्या दिशेनं मागं मागं चालला होता. मागं उरली होती ती घराची पायरी.

"ओढा!" मनुबाई अर्जुनाच्या पोरांना म्हणाल्या. "ओढा रं, काय बघताय! आता जातोय कुठं!" आणि त्यांनी झारा खोचून एका बाजूचा पाईप स्वतः धरला.

जयराज वडिलांच्या खुर्चीशेजारी उभा होता. आईला पाईप धरलेली बघून तो दोन मिनिटं विचार करत राहिला. मग "पपा, मी जरा आलो" म्हणाला आणि दुसऱ्या बाजूचा पाईप धरला.

दादासो एकटे उरले. पाठ दाराला लागली. बाराला दहा कमी होते. त्यांनी मागं हात नेऊन कडी ओढली. घरात जाऊन बसायचं आणि प्रकरण मिटवायचं.

कडी हलली नाही. रविवारी आवळलेली. दोन्ही हात लावले, गुडघा लावला, लष्करातली एक शिवी लावली. कडी ढिम्म.

*

दीपमालाच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. तिच्या दारापासून सुरू झालेला मांडव अंगण ओलांडून, रस्ता ओलांडून, ट्रॅक्टरच्या मधून वाट काढत आबांच्या दाराकडं गेला होता. बोहलं मात्र होतं तिथंच होतं. भटजी त्याच्यावर एकटेच बसले होते आणि माइकवरून दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होते.

"बारा वाजून दहा मिनिटं. मुलीच्या मंडळींनी... कुठं गेली मुलीची मंडळी?"

दीपमाला उठली. करवल्या "अगं, थांब" म्हणेपर्यंत ती मांडवाखालून चालायला लागली होती. अर्जुनाचा आवाज तिला लांबूनच आला.

"संपलं, नाना. झालर लावली, पडदं लावलं, माझ्या गाडीवरची ताडपत्रीबी लावली. आता कापड न्हाई."

कमान आबांच्या पायरीसमोर उभी होती. कमान आणि पायरी यांच्यामध्ये सहा फूट ऊन होतं. माघातलंच ऊन, पण बाराचं.

एका बाजूला नानासो, त्यांच्या मागं सहाशे माणसं, दोन ट्रॅक्टरवाले आणि घोडा. दुसऱ्या बाजूला दादासो, मागं न उघडणारी कडी.

नानासोंनी तोंड उघडलं. दीपमालानं श्वास धरला. त्यांचे ओठ हलले. 'च' सारखं काहीतरी आलं आणि थांबलं.

मग त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला.

फेटा म्हणजे चांगलं दहा-बारा हात कापड. त्यांनी तो उलगडला, एक टोक कमानीच्या पाईपला बांधलं आणि दुसरं टोक घेऊन स्टूल शोधायला लागले. टक्कल उन्हात चमकत होतं. लेकीचं लग्न, दारात व्याही, आणि मुलीचा बाप उघड्या डोक्यानं भावापर्यंत सावली नेत होता.

"डोकं झाक!"

आवाज इतका मोठा होता की घोडा दचकला. दादासोंनीच तोंडावर हात ठेवला. पण नऊ वर्षांचं थांबलेलं पाणी होतं, एकदा फुटल्यावर थोडंच थांबणार. "उघडं डोकं घेऊन उभा राहतोस? लेकीचं लगीन हाय, याही बघायला लागलाय! बांध आधी तो फेटा!"

नानासोंनी हातातलं टोक पुढं केलं.

"मला बांधता येतंय व्हय?" ते म्हणाले. "कवाबी तूच बांधायचास."

सहाशे माणसांना ऐकू गेलं. मागच्यांना मनुबाईंनी सांगितलं.

दादासो पायरीवरून उतरले. सहा फूट उन्हातून चालत गेले, पाईपची गाठ सोडली, फेट्याचं टोक दातात धरलं आणि भावाच्या डोक्याला पहिला वेढा दिला. लहानपणी गावच्या जत्रेला, मग नानासोंच्या लग्नात, मग आण्णांच्या नवसाला, ते नेहमी असंच बांधत. बांधता बांधता ते बोलायला लागले. दातात कापड, तरी बोलत होते. पत्रावळीचं बोलले, आवळलेल्या कडीचं बोलले, मिरजेच्या रस्त्याचं बोलले. "...आन डावीकडं खरंच खड्डा हुता! दोन वर्षं सांगितलं तुला, तिच्या तोंडून..."

"एकबी मंगळवार चुकला न्हाईस तू," नानासो म्हणाले.

दादासोंचा हात थांबला.

"ती म्हणायची, तुला सांगा म्हणून," नानासो समोरच्या कडीकडं बघत म्हणाले. "ऱ्हाऊन गेलं."

पन्नास मिनिटं माइकवर बोलणारा माणूस गप्प झाला. शेवटचा वेढा त्यांनी मुकाट्यानं दिला, शेमला मागं सोडला आणि तो सरळ करायचं निमित्त करून बराच वेळ भावाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. दीपमालाला दोघांचे चेहरे दिसत नव्हते. फेटे दिसत होते. एक थोडा वाकडा होता.

"आवं," मनुबाईंनी पाईप न सोडता विचारलं, "हे आवतण धरायचं का न्हाई?"

दादासोंनी नाक ओढलं. "धरलं."

"बारा वाजून बावीस मिनिटं!" लांबून माइक ओरडला. "कन्यादानाचं जोडपं!"

मग सगळे पळाले. दादासो आणि मनुबाई पुढं, मनुबाईंच्या कमरेला झारा तसाच, मागं शालू उचलून दीपमाला, तिच्या मागं नानासो. एवढा लांब मांडव असल्याचा तोटा त्या दिवशी कळला. वाटेत ट्रॅक्टरवाल्यांनी ट्रॉलीखालून जवळची वाट दाखवली.

अर्जुना कमानीपाशी उभा राहून डोकं खाजवत होता.

"नाना!" त्यानं मागून हाक मारली. "आता कमान परत आणू का जागेवर?"

नानासो पळता पळता वळले. आज त्यांचं तोंड उघडलंच होतं.

"ऱ्हाऊ दे तितंच," ते म्हणाले. "जेवणात मीठ कमी निघालं तर दादा परत जाऊन बसंल."